पांढऱ्या पट्ट्याचं झाड

थंडी पडली की चाकणच्या आमच्या कंपनीच्या गोडाऊनमध्ये नीलगिरीचा वास येऊ लागतो. तसा तो बाराही महिने असतो, कारण सुटे भाग ज्या लाकडी पॅलेटांवर रचून बाहेरगावी जातात त्यांतल्या पुष्कळ नीलगिरीच्या फळ्यांच्या असतात. पण एरवी ऑइल, रबर आणि माणसांच्या घामाखाली तो दबून राहतो. थंडीत पहिल्या शिफ्टला शटर वर जातं, कोंडलेली हवा अंगावर येते आणि तिच्यात तो वास एकटाच उभा असतो. लहानपणी सर्दी झाली की आई कपाळाला बाम चोळायची, तसा. फोर्कलिफ्टवाला छाती भरून श्वास घेतो आणि म्हणतो, "काय फ्रेश वाटतं राव." मी मान हलवतो. मला तो वास आला की खाली बघावंसं वाटतं.

परवा त्याच्या जोडीला दुसरा वास आला. आळंदीच्या बाजूने मोटारसायकलवर येत होतो. दाट धुकं होतं. एका बंगल्याच्या कंपाउंडवरून आंब्याच्या मोहराचा वास रस्त्यावर उतरला होता, गोडसर आणि किंचित आंबूस. मी गाडीचा वेग कमी केला, पण थांबलो नाही. या दोन वासांच्या मधे माझा एक हिवाळा अडकून पडला आहे. तो दरवर्षी परत येतो आणि दरवर्षी मला तेवढंच लाजवून जातो.

गावाचं नाव इथे लिहीत नाही. चऱ्होलीच्या अल्याडपल्याड कुठेतरी समजा. त्या पट्ट्यात शेतं जाऊन इमारती उभ्या राहिलेली गावं पुष्कळ आहेत, आणि तात्या आणि काकू तर घरोघरी आहेत. त्यामुळे या लिहिण्यावरून कुणी त्यांच्या दारापर्यंत पोचणार नाही. तसं कुणी का पोचू नये, हे पुढे येईलच.

मी अंबडकडचा. घरातला पहिला पदवीधर. वडील गावातल्या पिठाच्या गिरणीत कामाला आहेत, गिरणी दुसऱ्याची. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते, ज्या शाळेत मी शिकलो त्याच शाळेत. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा आमचे गुरुजी स्वतः सोबत औरंगाबादला आले होते, एसटीत उभ्याने. पदवी मिळाल्यावर त्याच शाळेत माझा सत्कार झाला. शाल आणि नारळ. आई मागे चुलीपाशी होती, तिला पुढे बोलावलं तेव्हा तिच्या हातात पळी तशीच होती. हे सगळं मी विसरलेलो नाही, विसरूही नये. पण ज्याच्यावर इतक्या जणांनी जीव लावला आहे त्याला चुकायची फार भीती वाटते, आणि भ्यायलेला माणूस नेमका कुठे गप्प बसेल ते सांगता येत नाही.

चाकणला पहिली नोकरी कंत्राटी होती, ती संपली. नवीन मिळेना. तेव्हा झाडतोडीच्या एका ठेकेदाराने बाहेरच्या देशातलं एक जुनं यंत्र आणलं होतं आणि त्याला इंग्रजी स्क्रीन वाचता येणारा माणूस हवा होता. त्या यंत्राचं खरं नाव ट्री हार्वेस्टर. पोकलेनचा हात आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याच्या टोकाला मातीची बादली काढून तिथे एक लोखंडी डोकं बसवायचं. ते डोकं झाडाला बुंध्यापाशी मिठी मारतं, आतून करवत फिरते, झाड आडवं होतं. मग काटेरी रूळ खोडाला पुढे ओढत नेतात, पाती फांद्या सोलून काढतात, आणि ठरलेल्या मापाचे ओंडके एकामागून एक बाहेर पडतात. एक झाड संपायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. साईटवर कुणी त्याला हार्वेस्टर म्हणत नसे. सगळे मगर म्हणत.

"इंजिनिअर, मगरीनं नाश्ता केला का?" सुपरवायझर गणेशभाऊ रोज सकाळी हेच विचारायचे.

वडिलांना फोनवर काम समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. "म्हंजे माझ्यावानीच की. मी वरून ज्वारी घालायलो, तू झाडं घालायलास." आणि मग रोजचा एक प्रश्न ठरून गेला. "काय कापलं आज?" मी सांगायचो, "नीलगिरी." ते म्हणायचे, "बरं." जणू मी आज कुणाचं दळण केलं ते त्यांना कळलं.

ती नीलगिरी तात्यांची होती. तात्यांचा मुलगा कंपनीत लागला, शेताकडे बघायला कुणी उरलं नाही, तेव्हा बरीच वर्षं आधी त्यांनी रानात नीलगिरी लावून टाकली होती. काही मागत नाही, गुरं खात नाहीत, आपली वाढत राहते. आता रान बिल्डरकडे गेलं होतं आणि आम्ही जागा मोकळी करायला आलो होतो. तात्या रोज सकाळी यायचे. प्लॅस्टिकची खुर्ची आणि चहाची किटली घेऊन. खुर्ची रस्त्याकडे तोंड करून मांडायचे आणि झाडांकडे पाठ करून बसायचे. दिवसभर. झाड पडलं की जमीन हादरायची, खुर्चीचे पाय थरथरायचे, तात्या वळून बघायचे नाहीत.

एकदा मी विचारलं, "तात्या, बघवत नाही तर येता कशाला?"

"घरी बसून बी आवाज येतोच की," ते म्हणाले. "आन इथं तुमास्नी चा कोण देणार?"

गावात त्यांना टोमणे बसत होते. भावकीतला कुणीतरी जाता जाता गाडी हळू करून म्हणायचा, "काय तात्या, रान राखताय का मशीन?" तात्या हसायचे. तसं हसणं मी तोवर फक्त बाजारात नको तिथे ओळख निघालेल्या माणसांच्या तोंडावर पाहिलं होतं. मला ते ओळखीचं वाटायचं. गावात कुणी विचारलं तर 'इंजिनिअर' एवढंच सांगा, असं मीही घरी बजावलं होतं. मगरीचं नाव आईला अजून ठाऊक नाही.

दुपारी काकू भाकरी घेऊन बांधावरून यायच्या. तात्यांची भाकरी, आणि तिच्याखाली माझी. पहिल्या दिवशी मी नको म्हणालो तर म्हणाल्या, "नगं म्हणाय काय झालं? डबा कुणी दिलाय तुला, मशीननं?" माझ्या बोलण्याची त्यांना गंमत वाटायची. मी 'काय करायलाव' म्हणालो की त्या तात्यांना सांगायच्या, "आवं, ह्यो इचारतोय का रागावतोय, कळतच न्हाई." बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, हिरव्या हरभऱ्याचा ठेचा. यंत्राच्या काचेआड सकाळपासून थंड झालेली बोटं मी त्या भाकरीवर शेकून घ्यायचो. आता हे आठवलं की भाकरीची ऊब आधी येते आणि तोंड लपवावंसं त्यानंतर वाटतं. पण दोन्ही येतात, एकाच फांदीवरची पाखरं उठावीत तशी.

रानाच्या पलीकडच्या टोकाला, नीलगिरीच्या ओळींतच, एक आंबा होता. काकूंनी तो मला लांबूनच दाखवला होता. त्यांच्या माहेरी खेडच्या बाजूला एक रायवळ आंबा होता, तो रस्त्यात गेला. जाण्याआधीच्या शेवटच्या मोसमात त्यांनी फळ खाऊन कोय पदरात बांधून आणली आणि इथे पुरली. नंतर सभोवार नीलगिरी लागली. तिच्यात तग धरायला तो आंबाही तिच्यासारखाच सरळ उंच गेला, आडवा पसरलाच नाही. उजेडासाठी धावण्यात त्याची वर्षं गेली आणि फळ कधी धरलं नाही. आदल्या वर्षी कडेच्या काही ओळी तुटल्या, ऊन आत शिरलं, आणि या हिवाळ्यात त्याला पहिल्यांदा मोहर आला.

"कोयीचं झाड आयशीसारखंच निघंल असं नसतंय," काकू म्हणायच्या. "आंबट बी निघंल. पर बघू तर दे. आमच्या आंब्याला बडीशेपंचा वास व्हता. त्यो आला तर म्हणायचं आला, न्हाई तर न्हाई."

रान विकताना तात्यांनी बिल्डरला एकच अट घातली होती, हे एक झाड ठेवायचं. बिल्डरलाही ते चालण्यासारखं होतं. बागेत झाड दाखवता येतं. त्यामुळे महापालिकेच्या परवानगीतही ते राखायचं म्हणूनच धरलेलं होतं. गणेशभाऊंची पद्धत साधी होती. तोडायच्या झाडाला छातीच्या उंचीवर लाल रंगाचा पट्टा, ठेवायच्या झाडाला चुन्याचा पांढरा. "इंजिनिअर, डोकं चालवायचं नाही. लाल दिसलं की खायचं, पांढरं दिसलं की सोडायचं." मी आंबा लांबून पाहिला होता आणि त्याचा पांढरा पट्टाही लांबूनच पाहिला होता. माझ्या मनात त्या झाडाची खूण तेवढीच होती, पांढऱ्या पट्ट्याचं झाड.

संक्रांतीच्या दिवशी आम्ही दुपारीच काम थांबवलं. मागे काय झालं ते मला नंतर गणेशभाऊंकडून कळलं. संध्याकाळी काकू शेजारणींना घेऊन रानात गेल्या. पहिल्यांदा मोहरलेलं झाड म्हणजे पहिलटकरीण, तिची ओटी भरायची. खण, गहू, बोरं, उसाचे करवे, हिरव्या बांगड्या. बांगड्या फांदीच्या खुंटाला अडकवल्या. खण रात्री कुणी नेईल म्हणून परत घरी नेला. आणि हळदीकुंकू लावायला गेल्या तर बुंध्याला तो पांढरा पट्टा. एक शेजारीण म्हणाली, "आगं बया, सणाच्या दिवशी पांढरं कपाळ." काकूंना ते लागलं. त्यांनी तेलात कुंकू कालवलं आणि तो पांढरा पट्टा भोवतीनं सगळा भरून काढला. नीट, सगळीकडून, कुठे पांढरं राहू न देता.

दुसरा दिवस किंक्रांतीचा. आदल्या दिवशी निघताना तात्या म्हणाले होते, "उद्या कर हाय. कर म्हंजे काय नवं काडू नये. मशीन बंद ठिवा." गणेशभाऊ म्हणाले, "तात्या, कंपनीला कर नसतो, जीएसटी असतो." सगळे हसले. मीही.

सकाळी धुकं इतकं होतं की मगरीचं डोकं काचेतून पुसट दिसत होतं. मी रानाच्या त्या टोकाकडून सुरुवात केली. दिव्यांच्या उजेडात फक्त बुंधे दिसत होते, वरचं सगळं धुक्यात. लाल, घेतलं. लाल, घेतलं. लाल. त्याची साल वेगळी होती, काळपट आणि खडबडीत. नीलगिरीची साल गुळगुळीत, फिकट. दोन्हींत गोंधळ व्हावा इतक्या त्या सारख्या नाहीत. मी सालीकडे पाहिलं नाही. रंग पाहिला.

करवत फिरली. झाड आडवं झालं आणि रूळ ओढू लागले तेव्हा हवेच्या जाळीतून आत वास आला. नीलगिरीचा नव्हता. काचेवर काहीतरी बारीक, पिवळसर, भुरभुर पडत होतं, आणि वायपर ते ओलं करून पसरवत होता. मला वाटतं, मला त्या क्षणी कळलं होतं. पण हात पुढचं बटण दाबून मोकळा झाला होता. मी यंत्र थांबवलं तोवर झाडाचे मापाने ओंडके झाले होते.

खाली उतरलो. मोहराचा थर पडला होता, घोट्याएवढा. त्यात हिरव्या काचा होत्या.

गणेशभाऊ धावत आले. त्यांच्या मागोमाग बिल्डरचा साईट इंजिनिअर आला, माझ्याच वयाचा. "हे ठेवायचं होतं ना? परवानगीत आहे ते. कुणी कापलं? ऑपरेटर कोण आहे? त्याला आत्ताच्या आत्ता काढा."

"सर, मी..." मी म्हणालो.

"म्या सांगितलं त्यास्नी."

तात्या. खुर्ची सोडून झाडांमधून आले होते. त्या अख्ख्या हिवाळ्यात मी त्यांना पहिल्यांदा झाडांकडे तोंड करून उभं पाहिलं. "म्याच सांगितलं तोडाया," ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. "बायकूच्या नादानं ठिवला व्हता. आता बागंत एकलं झाड काय करायचंय. झाड माझं, अट माझी. तुमच्या सायबाला सांगा, तात्यानं अट सोडली. दंडबिंड काय आसंल तर माझ्याकडं धाडा."

त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला होता. स्वेटरमधून तो कळत होता. मी पुन्हा बोललो नाही.

आणि तेवढ्यात काकू आल्या. बांधावरून, भाकरीची वेळ नसताना. "वास आला म्हून आले," एवढंच म्हणाल्या. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं असावं. बुंध्याकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं. रडल्या नाहीत. खाली बसून मोहरातल्या काचा एकेक उचलून पदरात घेऊ लागल्या. मी वाकलो तर म्हणाल्या, "तू नगं. हातात जाईल."

त्या दुपारीही भाकरी आली. तात्यांची, आणि तिच्याखाली माझी.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. "काय कापलं आज?"

"नीलगिरी," मी म्हणालो. "नीलगिरीच."

"बरं."

माझी नोकरी राहिली. त्या पगारावर मी हिवाळा काढला, आणि पुढे चाकणला कायम झालो ते या कामावर निदान एक मोसम टिकलो म्हणूनच. म्हणजे आज मी जो काही आहे तो त्या माणसाच्या एका खोट्या वाक्यावर उभा आहे. आपल्यावर झालेले उपकार मोजायची मला शाळेपासून सवय आहे. गुरुजी एसटीत उभे राहिले, आई चुलीपुढे उभी राहिली. त्या उपकारांनी मान वर होते. या एकाने झाली नाही. कारण त्याची किंमत भरत होत्या काकू. आपल्या माहेरचं झाड आपल्याच नवऱ्याने तोडायला लावलं, असं समजून त्या त्याच माणसाला रोज भाकरी वाढत होत्या. मी ते बघत जेवत होतो.

काम संपलं त्या दिवशी तात्यांनी आंब्याचा एक ओंडका मागून घेतला. "पाट करून घेतो," म्हणाले. मी तो स्वतः उचलून त्यांच्या ट्रॅक्टरवर ठेवला. ताज्या आंब्याचं लाकूड किती जड असतं ते तेव्हा कळलं. यंत्राला कधी कळत नाही.

नंतर मी तिकडे गेलो नाही. काकू दर संक्रांतीला फोन करायच्या. "येतोस का? न्हाई? शिफ्ट हाय? बरं, शिफ्ट झाली की ये." मला शिफ्ट नसायची. तो भाग टाळायला मी चाकणहून येताना लांबचा रस्ता धरायचो. पुढे लग्नाचं बघायला लागले घरचे, फोटोखाली 'पर्मनंट' असं लिहिलं गेलं, आणि तो शब्द वाचून मला कसंसंच झालं. गेल्या संक्रांतीला ठरवलं की जायचं आणि काकूंना खरं सांगायचं. त्यांनी नवऱ्यावरचा राग माझ्यावर काढावा. तो माझाच आहे.

रानाच्या जागी आता तीन इमारती आहेत. तात्या-काकूंचं घर गावठाणात, नवं बांधलेलं, फरशी चकाचक, दारात तीच प्लॅस्टिकची खुर्ची. तात्या फाटकातच भेटले. बारीक झाले होते. मी गाडीवरून उतरताच सांगून टाकलं, कारण आत गेल्यावर धीर राहणार नाही हे ठाऊक होतं. "तात्या, आज मी काकूंना सांगणार आहे. तुम्ही सांगितलं नव्हतं. माझ्याकडून चुकून तुटलं."

तात्यांनी फाटक लोटून घेतलं. "चुकून कसं, आसं तिनं इचारलं तर?"

"सांगेन ना. लाल पट्टा दिसला म्हणून."

"व्हय," तात्या म्हणाले. "आन लाल कुणी लावला?"

इतक्या वर्षांत मी त्या गोष्टीवरून हजारदा गेलो होतो, आणि दर वेळी माझ्या नावापाशी येऊन थांबलो होतो. त्याच्या पुढे एक पाऊल आहे हे मला दिसलंच नव्हतं.

"तुला वाटलं, तुझी नोकरी वाचवली?" ते हसले. या वेळी वेगळं हसले. "वाचवली, न्हाई आसं न्हाई. पोरगं परगावचं, भलं हुतं. पर मला धुक्यातबी बांधावर तिचं लुगडं दिसलं रं. ती यायच्या आत कायतरी बोलाय पायजे व्हतं. माझ्यावर राग धरून ती जगंल. सवय हाय तिला. सोताच्या हातानं झालं म्हणली तर पुन्यांदा कुंकवाच्या करंड्याला हात लावायची न्हाई. शेजारणीस्नी बी म्या घरोघरी जाऊन सांगून ठिवलंय, काय बोलायचं न्हाई म्हून."

मग ते म्हणाले, "चल. तिळगूळ खा."

आत काकूंनी मला बघून आधी बोल लावले. "शिफ्ट संपली व्हय बाबा एकदाची? का कंपनी बुडाली?" तब्येत, पगार, लग्न, एकामागून एक विचारलं. मग तात्यांकडे हात करून म्हणाल्या, "ह्या माणसानं माझा आंबा खाल्ला, सांगितलं का तुला? पिकायच्या आधीच खाल्ला."

"आंबट निघाला असता तर तुझ्या माहेराची लाज गेली असती," तात्या म्हणाले. "वाचवली म्या."

"तुमच्यापरीस आंबट नसता निघाला."

हे त्यांचं रोजचं असावं. दोघांनाही शब्द पाठ होते. तात्या तो टोमणा असा झेलत होते, जसा वर्षानुवर्षं रोज एकाच विहिरीचं पाणी शेंदणारा माणूस दोराची लांबी न बघता पोहरा सोडतो. मी मात्र जमिनीकडे बघत होतो. फरशीत माझाच चेहरा दिसत होता.

आम्ही दोघंही गप्प राहिलो, तात्या आणि मी. पण ते गप्पपण एक नव्हतं. त्यांनी त्या धुक्यात एका क्षणात बायकोच्या पुढच्या सगळ्या संक्रांती बघितल्या आणि बोलले. मी माझी नोकरी बघितली आणि थांबलो. ती वेळ निभावली म्हणून माझं थांबणंही चांगलं ठरलं, असं मला म्हणता येत नाही. आणि आता सांगून मोकळं व्हायचीही वाट बंद होती. माझ्या मनावरचं ओझं मी काकूंच्या डोक्यावर ठेवलं असतं, एवढंच झालं असतं. ही लाज मला एकट्यालाच वागवायची आहे. तात्या टोमणे वागवतात, त्या मानाने हे हलकंच.

काकूंनी भिंतीला टेकवलेला पाट घेतला आणि माझ्यापुढे मांडला. पिवळसर, रेघारेघांचा, तेलपाण्याने गुळगुळीत झालेला. "बस. ह्यावर घरातलं कुणी बसत न्हाई. म्या बसू देत न्हाई. तू बस."

तात्यांनी आपली खुर्ची उचलली, खिडकीकडे फिरवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले. ती पाठ मी ओळखत होतो. एक हिवाळाभर तिच्यामागे झाडं पडताना पाहिली होती.

मी पाटावर बसलो. काकूंनी तळहातावर तिळगूळ ठेवला. "घे. आन गोड बोल."

खिडकीजवळची पाठ ताठ झाली होती, मान जराशी एका बाजूला, ऐकत.

"पाट चांगला झालाय काकू," मी म्हणालो.

"झाड चांगलं व्हतं," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो, आणि तिळगूळ तोंडात टाकला. तो चावून संपेपर्यंत मला बोलावं लागणार नव्हतं. खिडकीजवळ तात्यांनी खुर्चीत अंग सैल सोडलं, आणि बाहेर बघत बघत म्हणाले, "अगं, त्याला भाकरी बी वाढ. परगावचं पोरगं हाय."